मांगरातली मिनीबाईक आणि तिचा गव्हर्नर

मंडळी, यंदाच्या मे महिन्यात एकच विषय तिसऱ्या घरी ऐकला, म्हणून लिहायला बसलो. मुंबई-पुण्याहून, कुणी दुबईहून, सगळे सुट्टीला मोरजीत येतात. जुन्या घराची साफसफाई निघते आणि मांगरात, गवताच्या भाऱ्यांमागे, एखादी जुनी गाडी सापडते. कुणाची लुना, कुणाची एम-एट्टी, आणि एका घरी तर चक्क मिनीबाईक. घरातली पोरं ती चालू करायच्या मागे लागतात. मोबाईल बाजूला ठेवून पोरं हात काळे करतात याचा मला आनंदच आहे. पण गाडी सुरू होते, वाड्यावरून एक फेरी होते, आणि संध्याकाळी कट्ट्यावरचा कुणीतरी जाणता सांगतो, "गव्हर्नर काडून उडय रे, मगे बघ कशी पळता ती!"

माझं मत याच्या नेमकं उलट आहे. गव्हर्नर दुरुस्त करावा, नीट लावून घ्यावा, पण काढू नये, तारेनं बांधूही नये. पंप आणि जनरेटर दुरुस्त करण्यात माझी पस्तीसेक वर्षं गेली. त्यामुळे हे पुस्तकातलं ज्ञान नव्हे.

आधी एक घोळ निस्तरतो. मिनीबाईक म्हटलं की आपल्या पिढीला 'बॉबी'च आठवते. 1973 साली तो सिनेमा आला. गोव्याच्या जॅक ब्रागांझा कोळ्याची मुलगी म्हणून डिंपल आणि तिला मागे बसवून फिरवणारा ऋषी कपूर. त्याच्याखाली जी बुटकी गाडी होती ती एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत जीटीएस 175. लोकांनी तिचं नावच बॉबी ठेवलं. चाकं लहान, पण इंजिन नेहमीच्या राजदूतचंच, 173 सीसीचं टू-स्ट्रोक, तीन गिअर. तिला गव्हर्नर नव्हताच. लुनालाही नव्हता, एम-एट्टीलाही नव्हता. 'माझ्या बॉबीचा गव्हर्नर कुठे असतो?' असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे, शोधू नका.

गव्हर्नर असतो तो दुसऱ्या जातीच्या मिनीबाईकला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्याकडची माणसं बहारीन, कुवेतला तेल कंपन्यांत होती, काही तारवटी होती. परतताना कुणी टेपरेकॉर्डर आणला, कुणी फ्रीज, आणि एखाद्या हौशी माणसानं मुलासाठी सामानाच्या पेटीतून अमेरिकन बनावटीची मिनीबाईक आणली. पाइपाची चौकट, दोन गलेलठ्ठ छोटी चाकं आणि मध्ये गवत कापायच्या यंत्राचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन. गिअर नाही, सेंट्रिफ्यूगल क्लच, म्हणजे वेग वाढला की आपोआप पकडणारा. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं पाच हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन, 206 सीसीचं, साइड-व्हॉल्व्ह, जगभर अशा गाड्यांवर बसलं. तिसरी जात आपली गावठी. वेल्डिंगवाल्याकडून चौकट जोडून घ्यायची आणि फवारणीच्या पंपाचं किंवा बंद पडलेल्या जनरेटरचं इंजिन तिच्यावर चढवायचं. पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंत अशा गाड्या मी पाहिल्यात. या दोन्ही जातींचं इंजिन मुळात एका जागी बसून काम करणारं असतं, आणि तिथेच गव्हर्नरचा संबंध येतो.

लोकांना वाटतं, गव्हर्नर म्हणजे कंपनीनं मुद्दाम घातलेलं कुलूप. शाळेच्या बसला किंवा डंपरला वेगमर्यादेचं यंत्र लावतात, तसलं काहीतरी. नाव सारखं असल्यानं गोंधळ होतो. आपल्या या छोट्या इंजिनातला गव्हर्नर त्याहून जुना आणि जास्त उपयोगी आहे. जेम्स वॅटनं 1788 च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला दोन फिरते गोळे लावले, त्याचंच हे वंशज. इंजिनाच्या पोटात एक छोटं दातेरी चाक असतं, त्यावर दोन वजनं. चाक जोरात फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात, एक खिळा पुढे सरकतो, बाहेरचा दांडा हलतो आणि कार्बोरेटरची झडप मिटायला लागते. उलट बाजूनं एक स्प्रिंग तीच झडप उघडायला बघते. वजनं आणि स्प्रिंग यांची ही ओढाताण सतत चालू असते, आणि दोघांचा जिथे तोल साधतो तो तुमचा वेग. काही जुन्या ब्रिग्ज इंजिनांत वजनंही नसतात. फ्लायव्हीलच्या पंख्याची हवा एका पातळ पत्र्यावर आपटते आणि तो पत्रा झडप ओढतो. पाहायला खेळण्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच पोरं ते आधी उपटतात.

आता यातली गंमत पाहा. गव्हर्नर वेग जसा रोखतो, तसाच वाढवतोही. चढाव आला, इंजिन दमायला लागलं, की वजनं आत येतात आणि स्प्रिंग झडप उघडते. तुम्ही मूठ न हलवता इंजिनाला जास्त पेट्रोल मिळतं. जनरेटरवर हे रोज दिसायचं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे छोटा जनरेटर मिनिटाला 3000 फेरेच मारायला हवा. लग्नघरी मिक्सर सुरू केला की इंजिन क्षणभर कण्हायचं आणि लगेच सावरायचं. ते सावरणं गव्हर्नरचं. मिक्सर बंद केला तरी बल्ब उडायचे नाहीत, तेही त्याच्यामुळेच. गव्हर्नर हा शब्द सुकाणू धरणाऱ्याच्या ग्रीक शब्दावरून आला म्हणतात. आपल्या भाषेत तांडेल म्हणा. (गोव्यात गव्हर्नर म्हटलं की जुन्या माणसांना पोर्तुगीज साहेब आठवतो आणि काढून टाकायची इच्छा होते, ते वेगळं.)

"काका, पण मूठ पिळली तरी गाडी सुस्त वाटते," असं मला हमखास सांगितलं जातं. बरोबर आहे. पुष्कळ मिनीबाईकवर मुठीची केबल थेट झडपेला जोडलेली नसते, गव्हर्नरच्या स्प्रिंगला असते. तुम्ही इंजिनाला फक्त सांगता की मला एवढा वेग हवा, आणि झडप किती उघडायची ते गव्हर्नर ठरवतो. ज्याला मोटारसायकलची सवय आहे त्याला हे विचित्र लागतं. पण तो दोष नव्हे, पद्धत आहे.

दुसरी तक्रार, "इंजिन घूं-घूं, घूं-घूं करतं, वरखाली होतं, म्हणजे गव्हर्नर गेला." दहातल्या आठ वेळा गव्हर्नर धडधाकट असतो आणि कार्बोरेटर चोंदलेला असतो. वीस वर्षं पेट्रोल आत सुकलं की बारीक भोकांत डिंकासारखा थर धरतो. पेट्रोल कमी पडतं, इंजिन मंदावतं, गव्हर्नर झडप उघडतो, इंजिन पळतं, तो मिटतो, पुन्हा मंदावतं. बिचारा गव्हर्नर आपलं काम करत असतो आणि खापर त्याच्यावर फुटतं. कार्बोरेटर खोलून स्वच्छ करा, गॅस्केट बदला, नळी बदला, आणि मग बोला. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्या पावसाळ्यात टाकी भरून गाडी मांगरात ठेवली, तर चवथीला आल्यावर हाच खेळ पुन्हा करावा लागेल. जाताना टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करून जा.

आता मुद्द्याचं. काढला तर काय होतं? ही इंजिनं मिनिटाला 3600 फेऱ्यांसाठी बनवलेली आहेत. कनेक्टिंग रॉड ओतीव ॲल्युमिनियमचा, त्याला वेगळं बेअरिंगही बहुधा नसतं, रॉड सरळ क्रँकवर घासतो. ऑइल पंप नाही, एक छोटा चमचा तेल उडवतो तेवढंच. गव्हर्नर गेला की हलक्या भाराखाली हेच इंजिन 5000 च्या पुढे सहज जातं. फेऱ्यांमध्ये वाढ जेमतेम चाळीस टक्के, पण रॉडवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. फ्लायव्हीललाही तेच गणित लागू. ते ओतीव असतं, आणि त्याला कुठे केसाएवढी चीर असेल तर बाहेरून दिसत नाही. पन्नास वर्षांच्या जुन्या तुकड्यावर दुप्पट ताण टाकायचा, आणि तो तुकडा बसवलाय कुठे? चालवणाऱ्याच्या दोन्ही पायांच्या मध्ये.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. आमच्याच भागातल्या एका माडांच्या भाटात पंप होता, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचा. वरच्या टप्प्यावर पाणी पोचेना, म्हणून पाणी लावणाऱ्या गड्यानं गव्हर्नरचा दांडा तारेनं बांधून टाकला. पाणी पोचलं. दोन दिवस सगळे खूश. तिसऱ्या दिवशी विहिरीत पाणी खाली गेलं आणि पंपानं हवा ओढली. पाणी सुटलं म्हणजे इंजिनावरचा भार एकदम गेला. अशा वेळी गव्हर्नर झडप मिटतो. इथे तो बांधलेला. इंजिन किंचाळलं. गडी बंद करायला धावला, आणि तो दोन हातांवर असताना रॉड तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. गुडघ्याला लागलं. माणूस वाचला, पण पुढे आयुष्यभर पाय ओढत चालला. दुसऱ्या दिवशी मला ते इंजिन बघायला बोलावलं होतं. आत रॉडचे तीन तुकडे होते, आणि दांड्याला ती तार तशीच होती, छान पीळ देऊन बांधलेली.

मिनीबाईकवर हा 'भार एकदम जाणं' प्रकार विहिरीपेक्षा जास्त वेळा घडतो. खड्ड्यावरून चाक उडालं, चेन निसटली, क्लच घसरला. मूठ पिळलेली, इंजिन मोकळं. गव्हर्नर असेल तर ते फार तर जरा जोरात घुमतं. नसेल तर मी वर सांगितलं ते.

व्हिडिओत मात्र दोन मिनिटांत गव्हर्नर काढून दाखवतात आणि गाडी भन्नाट पळते, हे मीही पाहिलंय. त्यात खोटं काही नसतं, अर्धंच सांगितलेलं असतं. परदेशात शर्यतीसाठी इंजिन तयार करणारे आधी रॉड बदलतात, फ्लायव्हील बदलतात, घट्ट व्हॉल्व्ह स्प्रिंगा घालतात, आणि मगच गव्हर्नर काढतात. तेवढा खर्च आणि चिकाटी असेल, बंद मैदान असेल, तर त्यानं खुशाल करावं. मी त्याला नाही म्हणणार नाही. पण ते इंजिन मग आजोबांनी बहारीनहून आणलेलं राहत नाही. शिवाय गव्हर्नरचे मूळ दांडे, स्प्रिंगा एकदा भंगारात गेल्या की पुन्हा मिळत नाहीत. जुन्या गाडीची किंमत अशा क्षुल्लक तुकड्यांतच असते, हे भंगारवाल्याला कळतं, आपल्याला कळत नाही.

मग वेग थोडा वाढवायचाच नाही का? वाढवा की. जनरेटरचं इंजिन लावलेल्या गावठी मिनीबाईकचा गव्हर्नर बहुतेक 3000 वर लावलेला असतो, तो विजेसाठी. इंजिनाच्या पाटीवर 3600 ची परवानगी असेल तर स्क्रूनं तिथवर आणायला माझी हरकत नाही. वीस टक्के वेग तिथेच मिळाला. पण कानानं अंदाज घ्यायचा नाही. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो, तो लावून आकडा बघायचा.

गव्हर्नरचा दांडा कुणी आधी खोलला असेल, तर तो पुन्हा बसवायची रीत बहुतेक इंजिनांना एकच. इंजिन बंद. दांड्याचा नट सैल करा. दांडा ढकलून झडप पूर्ण उघडा आणि तशीच धरा. मग इंजिनातून बाहेर आलेली गव्हर्नरची कांडी, दांडा ज्या दिशेला गेला त्याच दिशेला, अडेपर्यंत फिरवा आणि नट आवळा. पाच मिनिटांचं काम. उलटं बसवलं तर गव्हर्नर झडप मिटायच्या ऐवजी उघडेल, तेव्हा पहिल्यांदा सुरू करताना बंद करायच्या बटणावर बोट ठेवूनच दोरी ओढा. स्प्रिंग ज्या भोकात होती त्याच भोकात घाला, आणि ताणलेली स्प्रिंग कापून आखूड करू नका.

आणखी वेग हवा असेल तर इंजिनाला हात न लावता स्प्रॉकेट बदला. साधा हिशेब देतो. मागचं स्प्रॉकेट 60 दात्यांचं, पुढचं 10 चं, म्हणजे इंजिनाच्या सहा फेऱ्यांना चाकाची एक. चाक बाहेरून 33 सेंटिमीटर धरलं, तर 3600 फेऱ्यांना ताशी सुमारे 37 किलोमीटर. पुढे 12 दात्यांचं बसवलंत तर 45 च्या आसपास. इंजिन तेवढंच शांत फिरतं. मात्र चढावर ते लवकर दमेल आणि क्लच तापेल. फुकट काहीच मिळत नाही.

आणि खरं सांगू, 45 सुद्धा या गाडीला जास्तच आहे. बऱ्याच जुन्या मिनीबाईकना ब्रेक फक्त मागे, तोही पट्टीचा किंवा टायरवर नुसता लोखंडी तुकडा घासणारा. सस्पेन्शन नावालाच. वेग दीडपट झाला तर थांबायला अंतर सव्वादोनपट लागतं. पूल व्हायच्या आधी शिवोलीहून फेरीबोटीनं चोपड्याला उतरून आपण मोरजीत यायचो, तेव्हा रस्त्यावर पोदेराची सायकल आणि एखादा पायलट एवढंच भेटायचं. आज त्याच वळणांवर भाड्याच्या स्कूटरी आहेत, कालच गाडी हातात घेतलेले पाहुणे आहेत, मोपाच्या विमानतळाकडे धावणाऱ्या टॅक्स्या आहेत. सीटवर बसलेलं पोर मोटारीच्या खिडकीच्याही खाली असतं. ते कुणाला दिसणार?

कायद्याचंही एकदा नीट बोलायला हवं, कारण 'गावात कोण विचारतो' हे वाक्य मी फार ऐकलंय. असल्या मिनीबाईकची नोंदणी नसते, त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर ती चालवताच येत नाही, गव्हर्नर असो वा नसो. सोळा वर्षांच्या मुलाला परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या गाडीचा. 2019 च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलानं वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. अपघात झाला आणि इंजिनाचा गव्हर्नर काढलेला निघाला, तर विम्याचं आणि भरपाईचं काय होईल याचा ज्यानं त्यानं विचार करावा. समोरचा माणूसही कुणाच्या तरी घरचाच असतो.

"मग किनाऱ्यावर चालवू," हा पुढचा शहाणपणा. तेही नको. किनाऱ्यावर वाहन नेणं गोव्यात गुन्हा आहे. शिवाय आपल्या तेंबवाड्याच्या वाळूत थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वन खातं आणि आपलीच वाड्यावरची माणसं रात्र-रात्र जागून ती घरटी राखतात. मे महिन्यात शेवटची पिल्लं निघायची राहिलेली असू शकतात. वाळूखाली काय आहे ते टायरला समजत नाही.

जागा हवी असेल तर भात कापून झालेला आपला मळा आहे. मे महिन्यात तो कडक आणि रिकामा असतो. मालकाला विचारायचं, गुरं कुठे आहेत ते बघायचं, हेल्मेट, पायात बूट, अंगात लांब पँट, आणि चेनवर पत्र्याचं झाकण. पहिल्या दिवशी एका मोठ्या माणसानं बंद करायची वायर तपासायची, मूठ सोडली की झडप आपोआप मिटते का ते पाहायचं, मागचा ब्रेक आवळून चाक अडतं का ते पाहायचं. ज्या घरी मिनीबाईक निघाली तिथे आम्ही एवढंच केलं. कार्बोरेटर धुतला, दांडा लावला, टॅकोमीटरवर 3500 आले. पोरानं संध्याकाळपर्यंत मळ्यात चाळीसेक फेऱ्या मारल्या, आणि त्याच्या आजीनं बांधावर खुर्ची टाकून त्या मोजल्या.

कुणाच्या घरी अशी गाडी निघाली असेल आणि गव्हर्नरचा दांडा किंवा स्प्रिंग हरवली असेल, तर इंजिनाच्या पाटीचा स्पष्ट फोटो इथे टाका. माझ्याकडे जुन्या स्प्रिंगांचा एक डबा आहे. त्यातली जुळली तर घेऊन जा.